साहेबी डब्यातली नानखटाई

माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात अंड्याला हात लावला नाही, पाव शिवला नाही, परक्याच्या घरचं पाणीही त्या कधी प्यायल्या नाहीत. तरी त्यांच्यासारखी नानखटाई आणि त्यांच्यासारखा केक साऱ्या ठाण्यात कुणाला साधत नव्हता. ही गोष्ट त्या काळी त्यांना, मला आणि त्यांच्या मुलाला पक्की ठाऊक होती. त्या मुलाने पुढे काय केलं ते सांगायला मी बसले आहे. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. नवऱ्याविषयी असं लिहू नये, हे मला चांगलं कळतं. पण माझं आता वय झालं आहे आणि कुणाची भीड धरावी असं कुणी उरलेलं नाही.

सासरे हयात असताना नोकरीपायी काही वर्षं सुरतेला होते. तिथे शेजारी एक पारशीण राहायची. तिच्या अंगणात मातीची भट्टी होती आणि सणासुदीला ती नानखटाई भाजायची. सासूबाई ओसरीच्या खांबाला टेकून बघत बसायच्या. ती बिचारी ताटली पुढे करायची, ह्या मान हलवायच्या. खाल्ली कधीच नाही. पण तूप किती पांढरं होईपर्यंत फेसायचं, गोळा किती घट्ट ठेवायचा, निखारे कधी मागे ओढायचे, ते सगळं त्यांनी नजरेने उचललं.

सासरे गेले आणि सासूबाईंचं केशवपन झालं. तांबडं आलवण आलं, एकभुक्त आलं. दुपारी एकदा जेवायचं, रात्री शिजलेलं अन्न वर्ज्य. रात्री काय ते दूध, लाह्या, नाहीतर दुधात भिजवलेली दशमी. दशमी का चालते, तर तिच्या पिठाला पाणी लागत नाही म्हणून ती खरकटी होत नाही. हा नियम लहान पोरींनाही ठाऊक असायचा. पण ह्या नियमात नानखटाई बसते, हे ध्यानात आलं ते एकट्या सासूबाईंच्या. तिच्यात तूप, पीठ, साखर आणि चमचाभर दही. दूधसुद्धा लागत नाही, मग पाणी कुठून येणार? म्हणजे दशमीपेक्षाही ती सोवळी. एवढा विचार एखाद्या शास्त्र्याने केला असता तर लोकांनी त्याला शालजोडी दिली असती.

मी लग्न होऊन कल्याणहून ठाण्याला आले तेव्हा हा कारखाना जोरात होता. पीठ आम्ही घरच्या जात्यावर दळायचो आणि वस्त्रगाळ करायचो. कारखान्यातल्या साखरेत हाडं घालतात असं लोक म्हणत, म्हणून सासूबाई खडीसाखर घेऊन ती स्वतः कुटायच्या. तूप त्यांच्या माहेराहून, खडवलीकडच्या गावाहून यायचं. ते परातीत घेऊन तळहाताने फेसायचं काम माझं. खांदा भरून यायचा, पण तूप लोण्यासारखं पांढरं झाल्याशिवाय त्या थांबू द्यायच्या नाहीत. "अगं, हात दमला की दुसरा हात दिलाय ना देवाने?" असं म्हणायच्या. भट्टी आमच्याकडे कुठली! कल्हई केलेली सपाट बुडाची पितळी लंगडी घ्यायची, शेगडीवर जाड तव्यात वाळू पसरून तिच्यावर ठेवायची, आणि वर परात पालथी न घालता उताणी ठेवून तिच्यात निखारे भरायचे. खालून मंद, वरून जरा जास्त. लंगडीत आधी चिमूटभर पीठ टाकायचं. ते काळं पडलं तर वरचे निखारे काढायचे, पांढरंच राहिलं तर थांबायचं, बदामी झालं की खटाया आत.

हे निखारे परातीत चढवायचं काम आमच्या ह्यांचं असे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कचेरीतून आले की धोतर खोचून, सांडशी घेऊन बसायचे. एकदा त्यांच्या अंगठ्याला निखारा लागून चांगला फोड आला होता. पहिली खटाई उतरली की लहान मुलासारखे हात पुढे करायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "थांब रे, जीभ भाजेल." त्या वेळी ते घर किती चांगलं वाटायचं, हेही लिहायला हवं. नाहीतर पुढचं सांगताना माझा इतका संताप का होतो ते कळायचं नाही.

केक शिकल्या तोही असाच. नाताळात साहेबाने कचेरीतल्या मंडळींना केक वाटला. ह्यांनी आपला तुकडा रुमालात गुंडाळून आणला आणि मागल्या दारी पायरीवर ठेवला, कारण तो घरात आणायची सोय नव्हती. सासूबाई समोर उकिडव्या बसल्या. खराट्याची काडी घेऊन त्यांनी तो तुकडा उलगडला, आतली जाळी पाहिली, लांबूनच वास घेतला. "अंडं आहे, ते आपल्याला नको," त्या म्हणाल्या. "जायफळ आहे. मनुका आहेत. लोणी भरपूर आहे. आणि काहीतरी आंबवलेलं आहे, त्याने तो फुगलाय." मग तो तुकडा कावळ्यांनी नेला. त्यानंतर त्यांनी रवा, दही, दूध आणि पापडखार घेऊन जे प्रयोग मांडले ते पुष्कळ दिवस चालले. पहिला केक पापडखाराने इतका कडू झाला की गाईनेही नाक लावून सोडून दिला. दुसरा मधे बसला. पण एका रविवारी लंगडीतून असा काही टम्म, तांबूस केक निघाला की हे तोंडात घास धरूनच म्हणाले, "आई, साहेबाकडचा ह्याच्यापुढे काहीच नाही!" जिने मूळ वस्तू जिभेवर कधी ठेवली नाही तिने ती नुसत्या नाकाच्या आधाराने घरी उभी केली होती. मला तर अजूनही त्याचं नवल वाटतं.

आता त्या डब्याकडे येते. शनिवारी संध्याकाळी आमच्या ओटीवर मंडळी जमत. कचेरीतले दोघे-तिघे पदवीधर, एक वकील, आणि कोर्टात नवेच बदलून आलेले मुन्सफ. चहा व्हायचा आणि बोलणी व्हायची ती बहुतेक स्त्रियांच्या उन्नतीची. स्त्रियांना शिकवलं पाहिजे, त्यांच्या बुद्धीला वाव दिला पाहिजे, हे सगळं मी दाराआड किटली धरून ऐकायची. एका शनिवारी ह्यांनी साहेबाच्या बंगल्यावरून एक रिकामा बिस्किटांचा डबा पैदा केला. तांबडा, वर घोड्यांच्या गाडीचं चित्र. त्यात आमची नानखटाई रचून बाहेर नेली. मुन्सफांनी एक तोंडात टाकली आणि डोळेच मिटले.

"वा! ही कुठून पैदा केलीत?"

"मुंबईहून मागवतो. फोर्टात एक साहेबी दुकान आहे, तिथून," आमची स्वारी म्हणाली.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, घरची म्हटलं की त्यांना चव लागत नाही. त्यात काय एवढं?" सासूबाईंना सांगितलं, तर त्या चक्क हसल्या. "खाऊ दे गं. डब्याचं नाव झालं म्हणून माझं काय जातंय?" त्यांचं काय जातंय ते तेव्हा त्यांनाही कळलं नाही. त्यानंतर दर शनिवारी डबा बाहेर जायचा, आणि दर शनिवारी त्या साहेबी दुकानाची कीर्ती वाढत जायची. एकदा केक गेला तेव्हा वकिलांनी सांगितलं की असं काम आपल्या लोकांना दोनशे वर्षांत जमणार नाही. आत सासूबाई दुसऱ्या केकवरचे निखारे काढत होत्या.

दुसऱ्या बाजूला होते कल्याणचे काका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. कडक माणूस. त्यांच्या जमिनीच्या दाव्याची तारीख ठाण्याच्या कोर्टात पडली की ते सकाळच्या गाडीने यायचे, आमच्याकडे जेवायचे आणि दुपारी माजघरात आडवे व्हायचे. उठले की दुधाबरोबर नानखटाई. "वहिनी, सोवळ्यात केलेली आहे ना?" असं दर वेळी विचारायचे, आणि हेच माझे यजमान तत्परतेने सांगायचे, "काका, आईने स्वतः केलीय. पाण्याचा थेंब नाही." मग काकांचा हात सुरू व्हायचा आणि तो ताटली रिकामी झाल्याशिवाय थांबल्याचं मी पाहिलं नाही. जाताना उपरण्यात पुरचुंडी असायची ती वेगळीच. म्हणजे एकच घाणा, एकाच लंगडीतला. काकांपुढे तो सोवळा घरचा, आणि मुन्सफांपुढे साहेबी दुकानचा. दोन्हीकडे मान मिळायचा तो ह्यांना.

हे किती दिवस चालणार? एकदा काकांची तारीख शनिवारी आली. काम लांबलं, शेवटची गाडी गाठायची म्हणून काका माजघरात दूध आणि नानखटाई घेऊन बसले होते. ओटीवर मंडळी जमली. मुन्सफांचा आवाज मोठा. त्यांनी डबा वाजवून सांगितलं, "काही म्हणा, बिस्किटं करावीत साहेबाच्या दुकानातच! आमच्या घरी एकदा प्रयत्न केला, दगड झाले."

काका उठले आणि तोंडातला घास तसाच ठेवून ओटीवर गेले. डब्यात वाकून पाहिलं. मग हातातली अर्धी खटाई पाहिली. दोन्ही एकच.

"कुठल्या दुकानची म्हणालात?"

मुन्सफांनी हौसेने सगळं सांगितलं. काका ह्यांच्याकडे वळले. "खरं का रे?"

मी दाराआड होते, सासूबाई माझ्यामागे होत्या. एक वाक्य पुरे होतं. 'नाही काका, घरचीच आहे, मी थट्टा केली,' एवढं म्हटलं असतं तर मंडळी हसली असती आणि पुढच्या शनिवारी विसरली असती. ह्यांनी मुन्सफांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो."

काकांनी अंगणात जाऊन चुळा भरल्या त्या आवाजाने शेजारीपाजारी बाहेर आले. पुढच्या आठवड्यात कल्याण-ठाण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच झालं, की अमक्याच्या विधवा आईने सोवळ्याच्या नावाखाली साहेबाच्या भट्टीतलं, अंड्याचं खाल्लं आणि दिराला खिलवलं. मुलावर फारसं कुणी बोललं नाही. तो इंग्रजी शिकलेला, तो असाच असायचा. आणि काका? काकांनी सगळीकडे सांगितलं, "मी तोंडात घातली नाही. नुसता वास घेतला होता." हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुरचुंड्या भरभरून नेणारा माणूस! त्याच्या वासाने आमचं तुपाचं भांडं रिकामं होत होतं की काय?

मग भटजींकडून निरोप आला. प्रायश्चित्त घेतल्याशिवाय बाईंनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये, देवाचा नैवेद्य करू नये. आणि सासऱ्यांचं श्राद्ध तोंडावर आलं आहे, त्याला एकही ब्राह्मण येणार नाही.

हा शेवटचा घाव खरा होता. सासरे गेल्यापासून त्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक सासूबाईंनी कुणाला करू दिला नव्हता. वर्षभर त्या स्वतःसाठी काही मागत नसत, पण तो एक दिवस त्यांचा होता. पहाटे ओलेत्याने चूल पेटवायच्या आणि पिंडाच्या भातापासून अळूच्या भाजीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. निरोप आला त्या दिवशी त्या मागल्या पडवीत बसून राहिल्या. मी दूध नेलं तर घेतलं नाही. म्हणाल्या, "बाकी कशाचं काही नाही गं. पण त्या दिवशी ह्यांच्या नावाचं पान दुसऱ्या कुणी वाढलं तर मी इथे कशाला राहिले आहे?" आणि त्या रडल्या. केस उतरवले तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या, असं मागे कुणीतरी मला सांगितलं होतं.

मला राहवलं नाही. काका बोलणी करायला आले तेव्हा मी पदर ओढून दाराशी आले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"काका, ती नानखटाई घरचीच आहे. मी तूप फेसलंय. तुमच्यासमोर आत्ता करून दाखवते."

काकांनी माझ्याकडे न बघता भिंतीला सांगितलं, "सून सासूची बाजू घेणारच. आणि इतकी एकसारखी, इतकी खुसखुशीत वस्तू बायकांच्या हातून, शेगडीवर होते होय? आम्हाला काय दूधखुळे समजता? ते भट्टीचंच काम."

म्हणजे सासूबाईंनी ती वाईट केली असती तर त्या सुटल्या असत्या! खटाया करपलेल्या, वेड्यावाकड्या असत्या तर त्या घरच्या ठरल्या असत्या. त्यांचा हात चांगला, हाच त्यांच्यावरचा पुरावा झाला. वकील काय म्हणाले होते आणि काका काय म्हणत होते, त्यात मला तिळाएवढा फरक दिसेना. एक सुधारक, एक कर्मठ. बाईच्या हातून चांगलं काही होत नाही, ह्यावर मात्र दोघांचं एकमत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आरशासमोर पागोटं बांधत होते आणि त्याचं दुसरं टोक मी धरलं होतं, तेव्हा मी विचारलं, "आपण काकांना खरं कधी सांगणार?"

"आता सांगून काय उपयोग? मुन्सफांच्या कानावर गेल्याशिवाय राहील का? मी त्यांच्या तोंडावर इतके महिने खोटं बोललो, असं होईल."

"होईल नाही, झालंच आहे."

"तू उगीच वाढवू नकोस. एका सकाळचा प्रश्न आहे. आईला पंचगव्याचं काय एवढं? एरवी व्रतावैकल्याला घेतेच की ती."

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होते. निखाऱ्याच्या फोडाचा डाग तिथे अजून होता. मी पागोट्याचा उरलेला फेरा हातातून सोडून दिला आणि आत निघून गेले. तो फेरा त्यांनी एकट्याने कसा बांधला ते मला माहीत नाही. त्या दिवशी पागोटं वाकडं होतं म्हणतात.

सासूबाईंना मी म्हटलं, "तुम्ही तरी सांगा ना सगळ्यांना." तर म्हणाल्या, "मी सांगितलं तर तो चार लोकांत खोटा पडेल. पुरुषाला बाहेर तोंड दाखवायचं असतं. मला काय, पडवीत बसायचं. घेऊन टाकते मी प्रायश्चित्त. श्राद्ध तरी होईल." हे त्या इतक्या सरळपणे म्हणाल्या की मला त्यांचाही राग आला. खरंच आला. मुलाचं तोंड जपण्यासाठी आईने आपल्या तोंडात काय काय घ्यायचं?

प्रायश्चित्ताच्या दिवशी अंगण सारवलं होतं. भटजी, चार ब्राह्मण, कल्याणचे काका, शेजारची दोन-तीन माणसं. हे एका खांबापाशी उभे होते, कचेरीचा अंगरखा घालूनच, कारण संपलं की लगेच निघायचं होतं. मी आणि शेजारच्या बायका दारात. सासूबाई स्नान करून ओलेत्याने पाटावर बसल्या. समोर होमाचं कुंड, बाजूला चांदीच्या वाटीत पंचगव्य. गोमूत्र आणि शेणाचा वास अंगणभर पसरला होता.

भटजींनी त्यांच्या हातावर पळीभर पाणी घातलं आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. सासूबाई त्यांच्यामागून एकेक शब्द म्हणत होत्या. मधेच थांबल्या.

"भटजी, ह्याचा अर्थ काय? मराठीत सांगा. मी काय म्हणते आहे ते मला कळू दे."

भटजींना हे नवीन होतं. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग म्हणाले, "म्लेच्छाच्या भट्टीतलं अभक्ष्य अन्न मी खाल्लं, तो दोष जावा म्हणून मी हे प्रायश्चित्त घेते. असा अर्थ."

सासूबाई हातावरच्या पाण्याकडे पाहत राहिल्या. ते बोटांच्या फटींतून थेंब थेंब गळत होतं.

"हे मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "हातात पाणी आहे. समोर अग्नी आहे. मी असलं अन्न खाल्लेलं नाही. लोकांसमोर गप्प बसणं निराळं. पण पाणी हातात घेऊन अग्नीसमोर खोटं कसं बोलू?"

"वहिनी!" काका ओरडले.

"थांबा भावोजी. मी प्रायश्चित्त घ्यायला नाही म्हणत नाही. दोष घडलाय ह्या घरात, तो मला ठाऊक आहे." त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने, स्पष्ट म्हटलं, "माझ्या हातची वस्तू दुकानातली आहे असं माझा मुलगा खोटं बोलला. तो दोष जावा म्हणून मी हे प्रायश्चित्त घेते."

शेजारच्या बाईने माझा दंड घट्ट धरला. ह्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. काका काहीतरी बोलायला गेले आणि उपरणं सावरत बसले, कारण घरची वस्तू होती असं ठरलं तर 'वास'बिस सगळं उगीचच सांगितलं असं होत होतं, आणि नव्हती असं ठरलं तर एक सोवळी बाई अग्नीसमोर खोटं बोलली असं म्हणावं लागत होतं. तेवढी त्यांची छाती नव्हती.

शेवटी भटजीच बोलले. माणूस वाईट नव्हता, शास्त्राला धरून होता. "बाई, दुसऱ्याचा दोष आपल्याला आपल्या अंगावर घेता येत नाही. ज्याचा दोष त्यालाच प्रायश्चित्त घ्यावं लागतं. आई असली तरी."

"असं आहे का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना हे खरोखरच माहीत नसावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग हातातलं उरलेलं पाणी त्यांनी ताम्हनात सोडलं, पाटावरून उठल्या, आणि खांबाकडे पाहून हाक मारली.

"ये रे. अंगरखा काढ आणि बस इथे."

हे आले. त्यांनी अंगरखा काढला, पागोटं काढलं, अंगावर पाणी घेतलं आणि आईच्या पाटावर बसले. भटजींनी संकल्प सांगितला. ह्यांना संस्कृत कळत होतं, त्यांना अर्थ विचारावा लागला नाही. वाटी सासूबाईंनी स्वतः उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळे मिटून एका दमात प्यायली आणि त्यांना ठसका लागला. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

श्राद्ध झालं. ब्राह्मण आले, काकाही आले आणि पोटभर जेवले. स्वयंपाक सासूबाईंचाच होता.

इथे मी थांबले असते, पण मला थांबू दिलेलं नाही. आमच्या ओटीवरच्या मंडळींच्या कानावर इतकंच गेलं की ह्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कशाचं, ते कुणी विचारलं नाही. साहेबाची बिस्किटं खाल्ल्याचं, दुसरं कशाचं असणार? मुन्सफांनी ह्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "सुधारणेपायी तुम्ही फार सोसलंत." वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ह्यांनी, माझ्या डोळ्यांदेखत, मान खाली घालून तेही घेतलं. पुढे सभांतून ह्यांची ओळख अशीच करून द्यायचे: बिस्किट खाल्लं म्हणून कर्मठांनी ज्यांचा छळ केला ते हे गृहस्थ. आमच्या लग्नकार्यांत, कल्याणात, ठाण्यात, सगळीकडे तीच कथा झाली. हे वारले तेव्हा शोकसभेत ती पुन्हा सांगितली गेली, आणि माझा नातू ती ऐकून घरी आला आणि मला अभिमानाने विचारू लागला, "आजी, आजोबांनी खरंच साहेबाची बिस्किटं खाल्ली होती?"

सासूबाईंना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मी त्याला जवळ बसवलं आणि सांगितलं, नाही रे बाबा. तुझ्या आजोबांनी साहेबाचं एकही बिस्किट खाल्लं नाही. ते आपल्या आईच्या हातची नानखटाई खात होते.

त्याचा चेहरा पडला. त्याला ती पहिली गोष्टच जास्त आवडली होती.